कार्ड तेच, डिस्क तीच, तरी बेंच बंद: अंबडमधल्या एका ड्रायव्हरचं प्रकरण

अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटपासून थोडं आत, एक छोटं युनिट आहे. गाड्यांना लागणारे ॲल्युमिनियमचे पोकळ पार्ट तिथे मशीनिंग होतात आणि डिस्पॅचला जाण्याआधी प्रत्येक पार्टची लीक टेस्ट होते. पार्टमध्ये हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, काही सेकंदांत दाब किती उतरतो ते बघायचं. मर्यादेपेक्षा जास्त उतरला की पार्ट लाल ट्रेमध्ये. दाबाचा सेन्सर एका पीसीआय कार्डाला जोडलेला, कार्ड साध्या पीसीत, पीसीवर उबुंटू १६.०४, आणि कार्डासाठी कोणीतरी फार पूर्वी लिहून दिलेला ड्रायव्हर, म्हणजे उबुंटूच्या वतीने कार्ड चालवणारा कोड. लिहून देणाऱ्याचा आता पत्ता नाही. सोर्स डिस्कवर होता एवढं नशीब.

या बेंचच्या पीसीचा मदरबोर्ड गेला. चौथ्या पिढीचा कोअर आय-३ होता. मालकांनी पीसीआय स्लॉट आहे याची खात्री करून सहाव्या पिढीचा वापरलेला आय-५ आणला, जुनी डिस्क आणि कार्ड त्यात बसवलं. उबुंटू व्यवस्थित आलं, टेस्टचा प्रोग्राम उघडला. ऑपरेटरने पहिला पार्ट लावून स्टार्ट दाबलं आणि प्रोग्राम स्क्रीनवरून गायब. पुन्हा उघडला तर नुसताच अडकून बसला. जबरदस्तीने बंद करणाऱ्या किल मायनस नाइन या आदेशालाही दाद देईना. शेवटी पॉवर बटण, आणि पुन्हा तेच.

मालकांनी मला विचारलेला प्रश्न सरळ होता. "साहेब, कार्ड तेच, डिस्क तीच, सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. मग हे बंद का पडतंय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्यातली "एक अक्षर बदललेलं नाही" ही गोष्ट खरीही होती. बदलला होता फक्त प्रोसेसर. कर्नल म्हणजे उबुंटूचा गाभा. त्याची मेमरी आणि प्रोग्रामची मेमरी यांच्यामधली भिंत प्रोसेसर राखतो. जुना प्रोसेसर तिची एकच बाजू राखत होता आणि नवा दोन्ही. ड्रायव्हर इतकी वर्षं त्या मोकळ्या बाजूने ये-जा करत होता.

आधीचे संशय

मेंटेनन्स पाहणाऱ्या काकांनी साहजिकच कार्डापासून सुरुवात केली. कार्ड काढून स्लॉट साफ केला, रॅमची टेस्ट रात्रभर चालवली. काहीच निघालं नाही. युनिटमध्ये दुसरा बेंच आहे, त्यात तसाच चौथ्या पिढीचा पीसी. या बेंचचं कार्ड तिथे लावलं तर सुरळीत चाललं. म्हणजे कार्ड निर्दोष.

दुसरा संशय मालकांच्या पुतण्याचा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि या विषयात त्याला खरोखर रस आहे. त्याचं म्हणणं असं की मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषावरच्या पॅचने कर्नलची मेमरी वेगळी केली, म्हणून जुना ड्रायव्हर अडखळतोय. त्याने बूट करताना नोपीटीआय हे पॅरामीटर देऊन तो पॅच बंद केला. फरक शून्य.

हा संशय चुकीचा ठरला, पण तो का चुकीचा ठरला यात अर्धा विषय येतो.

६४ बिटांच्या लिनक्समध्ये, नेहमीच्या ४८ बिटांच्या पत्त्यांत, प्रत्येक प्रोसेसला खालचे १२८ टेराबाइट मिळतात आणि वरचे १२८ टेराबाइट कर्नलचे असतात. मधला प्रचंड पट्टा रिकामा. ३२ बिटांच्या जमान्यात हीच वाटणी ३ जीबी प्रोग्रामला, १ जीबी कर्नलला अशी असायची. मुख्य गोष्ट ही की मेल्टडाउनच्या आधी दोन्ही भाग एकाच पेज टेबलमध्ये असत. मेमरीचे तुकडे म्हणजे पेज, आणि कोणता पत्ता कोणत्या पेजवर जातो त्याचा तक्ता म्हणजे पेज टेबल. प्रोग्राम चालू असताना कर्नलची सगळी मेमरी त्याच्याच नकाशात मांडलेली, फक्त हात लावायला बंदी. ही बंदी म्हणजे पेज टेबलच्या नोंदीतला एक बिट. तो १ असेल तर पेज यूजरचं, ० असेल तर फक्त कर्नलचं. प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी प्रोसेसर हा बिट तपासतो. सॉफ्टवेअरचा त्यात हात नाही. १९८५ च्या ८०३८६ पासून ही रचना चालत आली आहे.

जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउनने दाखवलं की इंटेलचे अनेक प्रोसेसर हा बिट तपासतात खरे, पण निकाल अंमलात येईपर्यंत पुढचं काम अंदाजाने करून मोकळे होतात. वाचलेली किंमत नंतर टाकून दिली जाते, पण तिचा माग कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत, राहतो आणि तो वेळ मोजून काढता येतो. उपाय म्हणून लिनक्सने प्रत्येक प्रोसेसला दोन पेज टेबलं दिली. प्रोग्राम चालू असताना लागणाऱ्या टेबलात कर्नलचा जेमतेम आत शिरण्यापुरता तुकडा. मूळ कल्पना ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांची, २०१७ मधली, कैसर नावाची. मुख्य लिनक्समध्ये ती ४.१५ मध्ये आली आणि उबुंटूने आपल्या ४.४ कर्नललाही लावली. आपल्या डिस्कवरचा कर्नल त्यानंतरचा होता.

पण नीट बघा, हा पॅच प्रोग्रामच्या नजरेतून कर्नल लपवतो. उलट दिशेला तो काहीच लपवत नाही. कर्नलच्या टेबलात प्रोग्रामची मेमरी पूर्वीसारखीच वाचता-लिहिता येते, फक्त तिथलं काही चालवता येणार नाही अशी खूण होते. आपला ड्रायव्हर कर्नलचा भाग. त्याला या पॅचने अडवण्याचं कारणच नव्हतं.

चार ओळी लॉगच्या

कर्नलच्या लॉगमध्ये उत्तर पहिल्या दिवसापासून पडून होतं. अशा वेळी कर्नल जो मजकूर टाकतो त्याला ऊप्स म्हणतात. बहुतेक लोक त्याची पहिली ओळ वाचतात आणि बाकीची रांगोळी सोडून देतात. इथे पहिली ओळच दिशाभूल करणारी होती. तिचा अर्थ असा की "कर्नलची पेज मागणी पूर्ण करता आली नाही", आणि पुढे पत्ता. तो पत्ता मात्र चार शून्यांनी आणि मग ७ एफएफडी अशा अक्षरांनी सुरू होत होता. तो खालच्या अर्ध्यातला, म्हणजे यूजर प्रोग्रामचा, बहुधा त्याच्या स्टॅकवरचा (चालू कामाची तात्पुरती मेमरी). कर्नलची मेमरी तिथे नसतेच.

त्याखाली कोड होता ०००१. याचे शेवटचे तीन बिट वाचायचे. पहिला बिट १, म्हणजे पेज जागेवर आहे, पण परवानगीचा भंग झाला. दुसरा ०, म्हणजे वाचताना झाला, लिहिताना नाही. तिसरा ०, म्हणजे वाचणारा स्वतः कर्नल होता.

आणि त्याच ऊप्समध्ये त्या पेजची टेबलातली नोंदही छापलेली होती. सोळा आकड्यांची, सुरुवातीला ८ आणि शेवटी ८६७. सुरुवातीचा ८ सांगतो की या पेजवरचा कोड चालवायचा नाही. स्टॅकसाठी ते योग्यच. सगळ्यात शेवटचा ७ म्हणजे ४ अधिक २ अधिक १: यूजरचं पेज, लिहायला मुभा, आणि पेज हजर. म्हणजे सगळं व्यवस्थित. पेज आहे, वाचायला खुलं आहे, वाचणारा सर्वांत जास्त अधिकार असलेला कर्नल आहे, आणि तरी प्रोसेसर म्हणतो परवानगी नाही.

अशा वेळी एकच कारण उरतं. नव्या पीसीवर प्रोसेसरच्या गुणांची यादी काढली तर त्यात एसएमईपी आणि एसएमएपी ही कर्नलला यूजरच्या पेजपासून रोखणारी दोन्ही संरक्षणं होती. दुसऱ्या बेंचच्या चौथ्या पिढीत फक्त एसएमईपी.

भिंतीची दुसरी बाजू

यूजरचा बिट यूजरला अडवतो. कर्नलला अडवण्याचा विचार मूळ रचनेत नव्हता. कर्नल मालक, त्याला कोण विचारणार? ३८६ मध्ये तर कर्नल फक्त वाचण्यासाठी ठेवलेल्या पेजवरही बिनदिक्कत लिहू शकत होता. ते थांबवायची सोय ४८६ मध्ये आली. लिनक्सने ३८६ साठीची ती जादा तपासणी वर्षानुवर्षं सांभाळली, आणि ३.८ मध्ये ३८६ ची साथच सोडली.

हल्ला करणाऱ्यांनी ही मोकळी बाजू हेरली. कर्नलमध्ये कुठेतरी शून्य पत्त्यावर उडी मारणारी चूक शोधायची, आपल्या प्रोग्राममध्ये शून्याच्या पत्त्यावर आपला कोड मांडून ठेवायचा, आणि कर्नलला तिथे पाठवायचं. कर्नल आपल्या पूर्ण अधिकाराने तो कोड चालवणार. २००९ मध्ये लिनक्सच्या सॉक_सेंडपेज या फंक्शनमध्ये सापडलेली चूक याच जातीची होती. पॅक्स या सुरक्षा पॅचने यावर सॉफ्टवेअरमधला तोडगा इंटेलच्या कितीतरी आधी काढला होता. मग प्रोसेसरमध्येच सोय आली. तिसऱ्या पिढीत, २०१२ ला, एसएमईपी: कर्नलने यूजरच्या पेजवरचा कोड चालवायचा नाही. पाचव्या पिढीत, २०१४ ला, एसएमएपी: कर्नलने यूजरचं पेज वाचायचं-लिहायचंही नाही. एएमडीकडे एसएमएपी २०१७ च्या झेनपासून आहे. लिनक्स ३.७ मध्येच, म्हणजे हार्डवेअर बाजारात येण्याच्या आधी, तयार होता. म्हणून जुन्या पीसीवरून काढलेल्या डिस्कने नव्या पीसीवर पहिल्याच बूटमध्ये एसएमएपी चालू केलं. कोणी काही सेट करायची गरज पडली नाही.

पण कर्नलला प्रोग्रामची मेमरी वाचावीच लागते. फाइलवर लिहायचा मजकूर, उघडायच्या फाइलचं नाव, आपल्या बेंचला हवी असलेली चॅनेल आणि नमुन्यांची संख्या, हे सगळं प्रोग्रामच्या बाजूलाच असतं. त्यासाठी ठरलेला दरवाजा म्हणजे कॉपी_फ्रॉम_यूजर आणि उलट दिशेला कॉपी_टू_यूजर. हे फंक्शन आधी बघतं की पत्ता खरोखर खालच्या अर्ध्यातला आहे का. मग स्टॅक नावाची एक सूचना प्रोसेसरला देऊन एसएमएपीची कडी तेवढ्यापुरती काढतं, बाइट हलवतं, आणि क्लॅक ही सूचना देऊन कडी परत लावतं. (हे स्टॅक सूचनेचं नाव आहे, वर आलेल्या मेमरीतल्या स्टॅकशी त्याचा संबंध नाही.) मधेच पत्ता खोटा निघाला तरी कर्नल कोसळत नाही. या कॉपीच्या ओळींचे पत्ते एका वेगळ्या तक्त्यात नोंदलेले असतात. तिथे चूक झाली तर कर्नल ठरलेल्या जागी परततो, किती बाइट राहिले ते सांगतो, आणि ड्रायव्हर प्रोग्रामला ईफॉल्ट म्हणजे उणे १४ परत देतो.

आमच्या ड्रायव्हरमध्ये यातलं काहीही नव्हतं. प्रोग्रामने आयऑक्टलमधून (ड्रायव्हरला हुकूम द्यायची वाट) एका रचनेचा पत्ता दिला की ड्रायव्हर त्याला थेट पॉइंटर समजून वाचायचा: चॅनेल, संख्या, आणि निकाल कुठे ठेवायचा तो आणखी एक पत्ता. जुन्या प्रोसेसरवर हे चालायचं, कारण आयऑक्टलच्या वेळी त्याच प्रोसेसचं पेज टेबल चालू असतं. पत्ता बरोबर जागी पोचतो, अडवणारं कोणी नाही. पेज डिस्कवर गेलेलं असेल तर कर्नल ते मुकाट परतही आणतो. त्यामुळे कोणत्याही टेस्टमध्ये ही चूक दिसण्याची शक्यता नव्हती. हाच ड्रायव्हर रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डासाठी लिहिला असता तरी तीच कथा. तिथल्या कॉर्टेक्स ए-७२ मध्ये एसएमएपीचा एआरएमवरचा जोडीदार पॅन नाही. तो एआरएमव्ही ८.१ पासून आला, त्यामुळे पाय ५ मध्ये आहे. कर्नलमध्ये सॉफ्टवेअरचा पर्याय चालू नसेल तर चूक तशीच लपून राहते.

दुसऱ्यांदा प्रोग्राम का अडकायचा तेही सोर्समध्ये दिसलं. ड्रायव्हर रचना वाचण्याआधी एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घ्यायचा. वाचताना ऊप्स झाला, कर्नलने प्रोग्राम मारला, पण म्यूटेक्स सोडणारी ओळ कधी आलीच नाही. पुढचा प्रोग्राम त्या म्यूटेक्ससाठी रांगेत उभा, अशा झोपेत जिथे किलसुद्धा पोचत नाही.

नोस्मॅप, आणि अर्धी दुरुस्ती

ट्रक संध्याकाळी निघायचा होता. पुतण्याने विचारलं, "सर, नोस्मॅप टाकून चालवू का?" ४.४ कर्नलमध्ये एसएमएपी बंद करायला हे पॅरामीटर होतं. पुढच्या कर्नलमधून ते काढून टाकलं आहे. त्या दिवसापुरतं मी हो म्हटलं. बेंच इंटरनेटला जोडलेला नाही, माल अडकला तर रिजेक्शनपेक्षा मोठा खर्च, आणि नेमकं काय बंद करतोय ते आम्हाला माहीत होतं. बेंच लगेच चालू झाला. निदान पक्कं झालं हा त्याचा आणखी एक उपयोग. पण हे पॅरामीटर कायमचं ठेवायला मी तयार नव्हतो. याबाबत मालकांशी थोडी ओढाताण झाली. त्यांच्या मते चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. शॉप चालवणाऱ्या माणसाच्या जागी हा विचार चुकीचा नाही. फक्त या प्रकरणात "चालतंय" हा शब्द आधीच एकदा फसवून गेला होता.

पुतण्याने त्या रात्री दुरुस्ती स्वतः करून बघितली. रचना वाचण्याच्या ओळीच्या जागी कॉपी_फ्रॉम_यूजर लावलं, ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये लावायचा तयार तुकडा) बांधलं, नोस्मॅप काढलं. आता प्रोग्राम गायब होत नव्हता. त्याऐवजी स्टार्ट दाबलं की थोड्याच वेळात अख्खा पीसी दगड. माउस हलेना, लॉगमध्ये काही नाही.

आधीपेक्षा वाईट झालं, पण तो एक टप्पा पुढे गेला होता. ड्रायव्हर प्रोग्रामची मेमरी दोन ठिकाणी हाताळत होता. पहिली जागा त्याने बुजवली, त्यामुळे अंमल दुसऱ्या जागेपर्यंत पोचला. पीसीला सिरियल केबल लावून कर्नलचे संदेश दुसऱ्या लॅपटॉपवर घेतले तेव्हा ते दिसलं: या वेळी कोड ०००३. म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा कर्नल, पण आता लिहिताना. त्याच्याखाली वॉचडॉगच्या, म्हणजे अडकलेला कोअर हेरणाऱ्या पहारेकऱ्याच्या, लॉकअपच्या ओळी.

कार्ड सेकंदाला हजार नमुने घेतं. दर वेळी इंटरप्ट, म्हणजे कार्डाची प्रोसेसरला हाक, येतो आणि तिला ओ देणारा हँडलर तो नमुना कर्नलमधल्या एका गोल बफरमध्ये टाकतो. हँडलर आणि आयऑक्टल एकाच वेळी बफरला हात लावू नयेत म्हणून स्पिनलॉक: असं कुलूप ज्याच्यासाठी थांबणारा झोपत नाही, फिरत राहतो. आयऑक्टल हा स्पिनलॉक धरूनच नमुने थेट प्रोग्रामच्या बफरमध्ये उतरवत होता. तिथे ऊप्स झाला, स्पिनलॉक धरलेलाच राहिला. पुढचा इंटरप्ट आला, हँडलर त्या लॉकसाठी फिरत बसला, आणि फिरताना त्या कोअरवर इतर कोणालाच वाव नाही. बाकीचे कोअर काही वेळाने त्याच्यावर अडतात. म्यूटेक्स धरून मेलेल्या प्रोग्रामने फक्त पुढच्या प्रोग्रामला अडवलं होतं. स्पिनलॉक धरून मेलेल्याने पीसीच अडवला.

इथे कॉपी_टू_यूजर नुसतं आणून टाकणंही चालत नाही, आणि ही गोष्ट मी पुतण्याला कागदावर काढून दाखवली. प्रोग्रामचं पेज त्या क्षणी रॅममध्ये नसू शकतं. मग कॉपी करणाऱ्याला डिस्कची वाट बघत झोपावं लागतं. स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. म्हणून स्पिनलॉकखाली नमुने आधी कर्नलच्याच एका वेगळ्या बफरमध्ये घ्यायचे, लॉक सोडायचा, आणि मग निवांत कॉपी_टू_यूजर. एक कॉपी जास्त होते. सेकंदाला हजार नमुन्यांना त्याचा काडीमात्र फरक पडत नाही.

एसएमएपी ज्याला हात लावत नाही ते

इथपर्यंत बेंच दुरुस्त झाला होता. पण सोर्स वाचताना माझं लक्ष त्या आतल्या पत्त्यावर अडकलं होतं, निकाल जिथे लिहायचा तो. तो पत्ता प्रोग्राम देतो. प्रोग्रामने आपल्या बफरऐवजी वरच्या अर्ध्यातला, कर्नलचा पत्ता दिला तर?

जुना ड्रायव्हर तिथेही दाबाचे आकडे लिहून मोकळा होईल. प्रोसेसर अडवणार नाही, कारण लिहिणारा कर्नल आहे आणि पेजही कर्नलचं. आणि हे एसएमएपी असलेल्या नव्या पीसीवरसुद्धा. एसएमएपी कर्नलला यूजरच्या पेजपासून दूर ठेवतं. कर्नलने कर्नलच्या पेजवर लिहिण्याशी त्याला देणंघेणं नाही. हा प्रकार तलाठ्याकडे दुसऱ्याचा गट नंबर घालून अर्ज देण्यासारखा आहे. अर्जदाराला सातबाऱ्याला हात लावायचा अधिकार नाही, तलाठ्याला आहे, आणि त्याने नंबर न पडताळता नोंद केली तर ती त्याच्या अधिकाराने होते.

करून बघितलं, पण बेंचवर नाही, एका रिकाम्या पीसीवर. चाचणीसाठी एक छोटं मॉड्यूल लिहिलं जे कर्नलमध्ये एक पेज मागून घेतं, त्यात ठरावीक खूण भरतं आणि पेजचा पत्ता लॉगमध्ये छापतं. तो पत्ता निकालाचा बफर म्हणून जुन्या ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हरने यश कळवलं आणि खुणेच्या जागी दाबाचे नमुने येऊन बसले. एकही संदेश नाही, ऊप्स नाही. हल्लेखोर असं निरुपद्रवी पेज निवडणार नाही. वर कार्डाची डिव्हाइस फाइल सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशी ठेवलेली होती, म्हणजे पीसीवरच्या कोणत्याही लॉगिनला हे शक्य. नव्या ड्रायव्हरला तोच पत्ता दिला तर उत्तर उणे १४ आणि खुणा जागच्या जागी. कारण कॉपी_टू_यूजरमधली ती पहिली, कंटाळवाणी तपासणी: पत्ता खालच्या अर्ध्यातला आहे का.

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच. एसएमएपीने जी चूक उघडी पाडली ती तुलनेने सौम्य होती. तिच्या शेजारी बसलेली खरी धोकादायक चूक त्याने कधीच दाखवली नसती. एखाद्याने घाईत स्टॅक आणि क्लॅक हातानेच लावून कडी काढली असती, तर ऊप्सही थांबला असता आणि भोकही तसंच राहिलं असतं. अशी चूक फक्त अंबडमधल्या एकट्या ड्रायव्हर-लेखकाकडून होते असंही नाही. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये वेटआयडी या मूळ सिस्टिम कॉलमधूनच पत्त्याची ही तपासणी गळाली होती. नव्या, वेगवान पद्धतीने लिहिताना कडी काढली गेली, तपासणी राहून गेली. एसएमएपी तिथेही गप्पच राहिलं.

आणखी एक भोक होतं, लहानसं. ड्रायव्हर नमुन्यांची संख्या १०२४ पेक्षा कमी आहे का ते प्रोग्रामच्या रचनेत बघायचा, आणि कॉपी करताना तीच संख्या तिथूनच पुन्हा वाचायचा. दोन वाचनांच्या मधे प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने ती बदलली तर तपासली एक आणि वापरली दुसरी. कॉपी_फ्रॉम_यूजरने रचना एकदाच कर्नलच्या बाजूला घेतली की हा प्रश्न आपोआप मिटतो, अट एवढीच की नंतर मूळ पत्त्याकडे पुन्हा वळायचं नाही.

हे डोळ्यांनी शोधत बसावं लागू नये म्हणून कर्नलमध्ये यूजरकडून आलेल्या पॉइंटरवर खूण करायची पद्धत आहे, आणि स्पार्स नावाचं साधन ती खूण बघून थेट वापराबद्दल ओरडतं. स्पार्स लायनस टोरवाल्ड्सने २००३ मध्ये सुरू केलं. आमच्या ड्रायव्हरच्या सोर्सात एकही खूण नव्हती. पुतण्याने त्या लावल्या आणि स्पार्स चालवलं, तर आम्हाला सापडलेल्या जागा त्याने दाखवल्याच, वर एक तिसरीही दाखवली: कॅलिब्रेशनचे आकडे वाचणारा आयऑक्टल. तो फक्त वर्षातून एकदा, प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन करताना वापरला जातो, म्हणून कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

सध्याची स्थिती

पहिला बेंच नव्या मॉड्यूलवर, एसएमएपी चालू ठेवून चालतो आहे. डिव्हाइस फाइल आता फक्त टेस्ट चालवणाऱ्या ग्रुपला उघडता येते. ऑपरेटरचं लॉगिन त्या ग्रुपमध्ये घातलं आहे. नवं मॉड्यूल दुसऱ्या बेंचच्या चौथ्या पिढीच्या पीसीवरही टाकलं. तिथे जुनं मॉड्यूल उद्याही चाललं असतं, त्यामुळे काकांनी "तिकडं कशाला?" असं विचारलंच. त्यांना रिकाम्या पीसीवरचा तो खुणांचा प्रयोग पुन्हा करून दाखवला.

चुकीचे पत्ते देणारा चाचणी प्रोग्राम दोन्ही पीसींवर ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये ठेवला आहे. तो चार पत्ते देतो: शून्य, प्रोग्रामच्या बाजूचा पण न मांडलेला, दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यातला, आणि कर्नलचा. चारही वेळा उणे १४ आलं तरच नवीन बांधलेलं मॉड्यूल बेंचवर लावायचं असं ठरलं आहे. उबुंटू १६.०४ बदलायचं काम अजून बाकी आहे. त्यासाठी डिस्पॅच नसलेला आठवडा शोधावा लागेल, आणि तो मालकांना सापडत नाही.